वेडी बाभूळ : कुरणे व शेतजमिनींवरील रोपांचे आक्रमण – एक विवेचन

प्रस्तावना

भारताच्या कोरडवाहू प्रदेशात शेती आणि पशुपालन हे दोन व्यवसाय शतकानुशतके परस्परांना आधार देत आले आहेत. शेतीने जनावरांना कडबा दिला आणि जनावरांनी शेतीला खत व श्रमशक्ती दिली. या दोहोंमधील दुवा म्हणजे गावाचे गायरान, माळरान आणि ओढ्याकाठची मोकळी जमीन होय. गेल्या काही दशकांत याच जमिनीचे स्वरूप झपाट्याने पालटत आहे. जेथे पावसाळ्यानंतर गवत उभे राहत असे, तेथे आज काटेरी झुडपांची अभेद्य जाळी दिसते. हे झुडूप म्हणजे 'वेडी बाभूळ' अथवा 'विलायती बाभूळ' होय.

जैवविविधता व परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, मानवी व्यवहारांमुळे जगभर नव्या प्रदेशांत स्थिरावलेल्या विदेशी प्रजातींची संख्या ३७,००० हून अधिक आहे व त्यांपैकी ३,५०० हून अधिक प्रजाती हानिकारक ठरल्या आहेत. म्हणजेच बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती आक्रमक नसते. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ ही सारी बाहेरूनच आली आणि आपल्या शेतीत सामावून गेली. तेव्हा प्रश्न वनस्पतीच्या परकेपणाचा नसून तिच्या वर्तनाचा व तिला मिळणाऱ्या परिस्थितीचा आहे.

प्रस्तुत लेखात वेड्या बाभळीचे आगमन, तिच्या रोपांच्या प्रसाराची प्रक्रिया, कुरणांवर व शेतीवर होणारे परिणाम आणि नियंत्रणाचे मार्ग यांचा विचार केला आहे. हे आक्रमण रोपावस्थेतच रोखता येते; आणि ती वेळ हातची निसटते याचे प्रमुख कारण म्हणजे ज्या जमिनीवर ही रोपे उगवतात त्या जमिनीला आपण 'पडीक' मानतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नाव व ओळख

या वनस्पतीचे प्रचलित शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा असे आहे. २०२२ साली झालेल्या वर्गीकरणाच्या फेररचनेत प्रोसोपिस या प्रजातीसमूहाचे विभाजन करण्यात आले असून तिला आता नेल्टुमा ज्युलिफ्लोरा असे संबोधले जाते. आपल्या परिचयाची शमी, जिला राजस्थानात 'खेजडी' म्हणतात, ती मात्र प्रोसोपिस याच नावाखाली राहिली आहे. वेडी बाभूळ ही वंशदृष्ट्या बाभळीपेक्षा शमीला अधिक जवळची आहे, ही बाब लक्षणीय आहे. मारवाडचा शेतकरी खेजडी शेतात मुद्दाम राखतो, कारण तिच्या छायेत बाजरी व मूग ही पिके उत्तम येतात. तिच्याच आप्तवर्गातील वेडी बाभूळ मात्र आपल्या जाळीखाली गवतालाही फारसा वाव देत नाही.

देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ यांत अनेकदा गल्लत होते. देशी बाभळीची फुले पिवळीधमक, गोल गोंड्यासारखी असतात आणि शेंगा मण्यांच्या माळेप्रमाणे ठिकठिकाणी आवळलेल्या असतात. वेड्या बाभळीचा फुलोरा लांबट, लोंबता, हिरवट पिवळा असतो. तिच्या शेंगा चपट्या, सलग आणि पिकल्यावर पिवळसर व गोड असतात. देशी बाभूळ बहुधा एका खोडाची असते, तर वेडी बाभूळ बुंध्यापासूनच अनेक फांद्या टाकून पसरते. नांगर, गाडीची चाके व इतर अवजारे यांसाठी पूर्वापार वापरली गेलेली देशी बाभूळ आणि बांधावर राखली जाणारी 'रामकाठी' यांचा या आक्रमणाशी संबंध नाही. निर्मूलनाच्या उत्साहात त्यांचाच बळी जाऊ नये म्हणून हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

लोकभाषांनी या झाडाला दिलेली नावे उद्बोधक आहेत. गुजरातीत त्याला 'गांडो बावळ' म्हणतात. 'गांडो' म्हणजे वेडा. मराठीतील नावाचा अर्थही तोच. तमिळमध्ये 'सीमै करुवेलम', म्हणजे परदेशी बाभूळ. तर तेलुगूत 'सर्कार तुम्मा', म्हणजे सरकारी बाभूळ. हे झाड कोठून आले, कोणी आणले आणि ते कसे वागते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या नावांतच साठविलेली आहेत.

आगमनाचा इतिहास

वेडी बाभूळ मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथील. मद्रास इलाख्यातील वनसंरक्षक लेफ्टनंट कर्नल बेडोम यांनी १८७६ साली महसूल विभागाकडे या झाडाच्या बियांची मागणी केली आणि १८७७ मध्ये जमैकाहून आलेल्या बियांपासून कडप्पा जिल्ह्यात लागवड झाली. रखरखीत जमिनीवर सरपण देणारे, अल्प पावसावर तगणारे झाड हवे, हा त्यामागील हेतू होता. पुढे सिंध, गुजरात व राजस्थान या भागांतही त्याची लागवड झाली. जोधपूर संस्थानाने तर १९४० साली त्याला राजवृक्षाचा दर्जा दिला.

स्वातंत्र्योत्तर काळात हेच धोरण पुढे चालू राहिले. कच्छच्या मोठ्या रणातून येणारी क्षारता व वाळू थोपविण्यासाठी गुजरातच्या वनविभागाने १९६०-६१ च्या सुमारास रणाच्या काठी सुमारे ३१,५५० हेक्टर क्षेत्रावर या झाडाची लागवड केली. या निर्णयांमागे अज्ञान अथवा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. सरपणाची टंचाई खरी होती व वाळूचे अतिक्रमणही खरे होते. हवे असलेले गुण झाडात पुरेपूर होते. मात्र ज्या गुणांमुळे ते निवडले गेले, त्याच गुणांमुळे ते पुढे आवरता आले नाही. अल्प पाण्यावर जगणे, जनावरांनी न खाणे, तोडले तरी पुन्हा फुटणे आणि खाऱ्या जमिनीतही वाढणे हे लागवडीच्या दृष्टीने सद्गुण, तर कुरणाच्या दृष्टीने संकट ठरले.

रोपांच्या प्रसाराची प्रक्रिया

वेड्या बाभळीचा प्रसार समजून घेण्यासाठी तिच्या शेंगेकडे व पानाकडे एकत्रित पाहणे आवश्यक आहे. शेंग गोड व पौष्टिक असते. गुरे, शेळ्या, मेंढ्या आणि नीलगाय, रानडुक्कर यांसारखे वन्य प्राणी ती आवडीने खातात. पाने मात्र तुरट द्रव्यांमुळे बेचव असल्याने जनावरे हिरव्या पानांना सहसा तोंड लावीत नाहीत. परिणामी जनावर बियांचे वहन करते, परंतु त्या बियांपासून उगवलेले रोप खात नाही. चराईमुळे गवत खुरटते आणि त्याच चराईमुळे बाभळीच्या रोपास जागा व प्रकाश मिळतो. अशा रीतीने कुरणातील स्पर्धा सुरुवातीपासूनच एकतर्फी होते.

शेंगेतील प्रत्येक बी कठीण कवचात बंदिस्त असते. जनावराच्या पचनमार्गातून जाताना या कवचाचा कठीणपणा कमी होतो व उगवण सुलभ होते. गुरांच्या पोटातून बियांचा मोठा वाटा सजीव स्थितीत बाहेर पडतो; शेळ्या-मेंढ्या अधिक चावत असल्याने त्यांच्याद्वारे होणारा प्रसार तुलनेने कमी, तरीही दखलपात्र असतो. शेण व लेंड्या यांच्या रूपाने बीला ओलावा व खत एकाच वेळी मिळते. शिवाय शेंगांचा मोठा बहर उन्हाळ्यात पिकतो. त्या वेळी माळावर अन्य चारा उरलेला नसतो, म्हणून जनावरे शेंगांवरच विसंबतात. आणि त्यांनी टाकलेल्या शेणावर काही आठवड्यांतच मृगाचा पाऊस पडतो. याहून सोयीची पेरणी मनुष्यालाही साधणार नाही.

शेतजमिनीत बी पोहोचण्याचे मार्ग थोडे निराळे आहेत. उकिरड्यावरील अर्धवट कुजलेले शेणखत शेतात पसरताना त्यातील बियाही पसरतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याची जुनी व उपयुक्त प्रथा आहे. कळप शेंगा खाऊन आला असल्यास त्याच्यासोबत बियाही येतात. ओढे, नाले व कालवे यांच्या पाण्याबरोबर शेंगा वाहत जाऊन काठावर रुजतात. तथापि नियमित कसल्या जाणाऱ्या शेतात ही रोपे टिकत नाहीत. नांगरट, कुळवणी, कोळपणी व खुरपणी यांत ती दरवर्षी नष्ट होतात. ज्या बांधावर अवजार फिरत नाही तेथे मात्र ती तग धरतात. आणि मजुरीसाठी स्थलांतर, भाऊबंदकीचे वाद वा पाण्याचा अभाव यांमुळे एखादे शेत दोन-तीन वर्षे पड राहिले, की बांधावरील रोपांची संतती शेतात उतरते.

रोपाच्या वाढीचा क्रम नियंत्रणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. उगवल्यानंतर हे रोप आपली बरीच शक्ती सोटमूळ खोल नेण्यात खर्ची घालते. पहिल्या पावसाळ्यात, जमीन ओली असताना, रोप हाताने मुळासकट उपटता येते. एक-दोन वर्षांनी त्यासाठी कुदळ लागते. त्यानंतर झाड फुलू-फळू लागते व खोडाच्या तळाशी, जमिनीच्या किंचित खाली, सुप्त डोळ्यांचा पट्टा तयार झालेला असतो. अशा झाडावर कुऱ्हाड चालविली तर एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात व झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. 'तोडले तरी वाढते' हा ग्रामीण भागातील अनुभव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे.

कुरणांवरील परिणाम : बन्नीचा दाखला

या आक्रमणाचे सर्वाधिक अभ्यासलेले भारतीय उदाहरण म्हणजे कच्छमधील बन्नी हे सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचे कुरण होय. येथील मालधारी पशुपालक पिढ्यान्पिढ्या कांकरेज गुरे व म्हशी पाळत आले आहेत. बन्नी म्हशीला २०१० साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. रात्री चरण्याची व पहाटे स्वतःहून परतण्याची सवय हे तिचे वैशिष्ट्य सांगितले जाते.

रणाच्या काठी लावलेली वेडी बाभूळ काही दशकांत कुरणाच्या अंतर्भागात पोहोचली आणि तिने कुरणाचा मोठा भाग व्यापला. गवताखालील क्षेत्र घटले आणि जनावरांना शेंगांवर अधिकाधिक अवलंबून राहावे लागले. केवळ शेंगांवर पोसलेल्या गुरांना पचनाचे विकार होतात. म्हशींना त्यांचा उपद्रव त्या मानाने कमी होतो. पशुपालकांचा कल गुरांकडून म्हशींकडे झुकण्यामागे दुधाच्या बाजारपेठेबरोबरच हेही एक कारण आहे. एका झुडपाने अशा प्रकारे कळपाची घडणच बदलली.

बन्नीतील प्रश्नाला जमिनीच्या मालकीचीही बाजू आहे. १९५५ साली हे क्षेत्र संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाले. वहिवाटीने कुरण वापरणारे पशुपालक एकीकडे व कागदोपत्री अधिकार असलेले विभाग दुसरीकडे, अशा स्थितीत झुडपे काढण्याची जबाबदारी कोणाची हे दीर्घकाळ अनिर्णित राहिले. पुढे पशुपालकांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने कुरणावरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. ही अतिक्रमणे शेतीसाठी झालेली होती. कुरणाला एका बाजूने झुडूप आणि दुसऱ्या बाजूने नांगर असा दुहेरी वेढा पडू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील माळराने व शेती

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पट्टा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्व भाग हे या समस्येचे मुख्य क्षेत्र होय. भीमा, सीना, नीरा, माण या नद्यांचे काठ, ओढ्यांची पात्रे, तलावांची गाळपेर क्षेत्रे, रस्त्यांच्या कडा आणि गायराने येथे वेडी बाभूळ सर्रास आढळते. ओढ्याच्या पात्रात तिची जाळी झाल्यावर गाळ साठतो, पाण्याचा मार्ग बदलतो व पुराच्या वेळी पाणी लगतच्या शेतात शिरते. कालव्याच्या पाण्याने खारावलेल्या व पड टाकलेल्या जमिनीतही तिचा शिरकाव होतो. तिचे काटे पायांत मोडतात, जनावरांच्या खुरांत रुततात आणि वाहनांचे टायर निकामी करतात.

या पट्ट्यातील माळराने ही उजाड झालेली जंगले आहेत, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. वस्तुतः कमी पाऊस व उथळ, मुरमाड जमीन यांमुळे येथे गवताळ परिसंस्थाच नैसर्गिकरीत्या टिकून राहते. मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी ही गवते, त्यांवर जगणारी काळविटे, त्यांच्यामागे असणारा लांडगा, तसेच माळढोक, तणमोर यांसारखे पक्षी आणि आषाढ-कार्तिकाच्या हिशोबाने वाटचाल करणारे धनगरांचे कळप हे सारे या परिसंस्थेचे घटक होत. माळढोकासाठी सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. मोकळा, दूरवर नजर पोहोचेल असा माळ ही या पक्ष्याची मूलभूत गरज आहे. असा माळ झुडपांनी भरला, तर अभयारण्याची सीमा कागदावर शाबूत राहूनही अधिवास नाहीसा होतो.

महसुली परिभाषेने या गैरसमजाला बळकटी दिली. ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती 'पड', 'पोटखराब' अथवा 'पडीक' ठरली. पडीक म्हटले की तिचा काहीतरी उपयोग करणे ओघानेच येते आणि वृक्षलागवड हा त्यांतील सर्वांत निर्दोष भासणारा उपयोग होय. सामाजिक वनीकरणाच्या काळात सुबाभूळ व गिरिपुष्प यांसारखे विदेशी वृक्ष राज्यात मोठ्या प्रमाणावर लावले गेले. सुबाभूळ चाऱ्यासाठी उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचाही समावेश आहे. बियांमधून तिची रोपे रस्त्याकडेला व मोकळ्या जमिनीत दाटीने उगवताना आजही दिसतात.

लाभ कोणाचा, हानी कोणाची

वेड्या बाभळीची केवळ हानीची बाजू मांडणे अन्यायाचे ठरेल. कोरडवाहू गावांतील भूमिहीन कुटुंबांसाठी ती सरपणाचा सहज उपलब्ध होणारा स्रोत आहे. तिचे लाकूड उत्तम उष्णता देते व त्याचा कोळसा चांगला होतो. काटेरी फांद्यांचे कुंपण शेताचे रक्षण करते. तिच्या फुलांवर मधमाश्या येतात. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. दुष्काळात शेंगांनी जनावरे जगविली, हेही नाकारता येत नाही.

तथापि हे लाभ व हानी समाजात सारख्या प्रमाणात वाटले गेलेले नाहीत. सरपण मिळविणारा, कोळसा विकणारा, कळप राखणारा आणि शेत कसणारा या चार निरनिराळ्या व्यक्ती आहेत. कोळशाच्या व्यापारातील नफा व्यापाऱ्याकडे जातो; भट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांच्या, विशेषतः रायगड भागातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी समाजाच्या, पदरी बहुधा उचल व कर्जाचे ओझे येते. कुरण गमावल्याचा भार प्रामुख्याने पशुपालकांवर पडतो व त्याची नोंद कोणत्याही हिशोबवहीत होत नाही. म्हणून 'झाड उपयुक्त की उपद्रवी' हा प्रश्न अपुरा ठरतो. कोणत्या जमिनीवर, कोणासाठी व किती प्रमाणात, असा प्रश्न विचारणे अधिक योग्य होय.

इतर देशांचे अनुभव

केनियातील बरिंगो भागात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सरपणासाठी या झाडाची लागवड झाली. पुढे चराऊ जमीन व्यापली गेली आणि शेंगांतील साखरेने शेळ्यांचे दात किडून पडू लागले. तेथील रहिवाशांनी २००६ मध्ये शासनाविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा दात गमावलेली एक शेळी न्यायालयात पुरावा म्हणून हजर करण्यात आली होती. इथिओपियाच्या अफार प्रदेशात सुमारे साडेतीन दशकांत जवळजवळ १२ लाख हेक्टर क्षेत्रावर तिचा प्रसार झाल्याचे अभ्यासातून दिसून आले आहे.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तेथे शेंगा जनावरांचे खाद्य म्हणून मोलाच्या असल्याने झाडाला मारणारे कीटक न आणता केवळ बिया पोखरणारे भुंगेरे १९८७ पासून सोडण्यात आले. परंतु भुंग्यांनी अंडी घालण्यापूर्वीच जनावरे शेंगा फस्त करीत असल्याने या उपायाचा प्रभाव मर्यादित राहिला. लाभ राखून हानी टाळण्याचा मध्यममार्ग सोपा नसतो, हे येथे दिसते. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात पाने गुंडाळणारा एक पतंग सोडण्यात आला व काही भागांत झुडपांची वाढ त्यामुळे मंदावली. भारतातही तमिळनाडूमध्ये हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ साली त्या राज्याने आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

नियंत्रणाच्या दिशा

वरील विवेचनातून नियंत्रणाची काही सूत्रे निष्पन्न होतात.

१) रोपांना प्राधान्य : मर्यादित मनुष्यबळ दाट जाळीवर खर्च करण्यापूर्वी, जेथे तुरळक रोपे नुकतीच दिसू लागली आहेत अशी जमीन प्रथम स्वच्छ करावी. पहिल्या पावसाळ्यात, वाफसा असताना, रोपे मुळासकट उपटणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

२) वाढलेल्या झाडाचे समूळ उच्चाटन : खोड जमिनीलगत न तोडता माती उकरून १० ते ३० सेंटिमीटर खोलीवर, सुप्त डोळ्यांच्या पट्ट्याखाली तोडावे. अन्यथा केलेला खर्च फुटवे वाढविण्यास कारणीभूत होतो.

३) बियांच्या मार्गावर नियंत्रण : शेंगा पिकण्याच्या काळात त्या गोळा करून बियांसह दळल्यास पशुखाद्य मिळते व बियांचा नाश होतो. शेंगा खाल्लेली जनावरे स्वच्छ कुरणात नेण्यापूर्वी सुमारे आठवडाभर एका जागी ठेवावीत. शेणखत पूर्ण कुजवूनच शेतात टाकावे.

४) मोकळ्या जागेवर गवताची पुनर्स्थापना : झुडपे काढलेली जमीन तशीच ठेवल्यास जमिनीतील बियांमधून नवी रोपे उगवतात. म्हणून तेथे स्थानिक गवतांचे बी पेरून काही काळ चराईबंदी पाळावी आणि पुढील काही वर्षे दर पावसाळ्यात फेरी मारून उगवलेली रोपे काढावीत. एकदाच केलेले निर्मूलन म्हणजे निर्मूलन नव्हे.

५) पर्यायी सरपण : सरपणासाठी या झाडावर विसंबलेल्या कुटुंबांचा विचार न करता काढलेली मोहीम टिकत नाही. गावालगतचा काही पट्टा नियमित तोडीसाठी राखणे व उर्वरित कुरण मोकळे करणे, अशी विभागणी ग्रामसभेत ठरविता येईल.

६) जबाबदारीची निश्चिती : गायरान ग्रामपंचायतीच्या, ओढा पाटबंधारे वा महसूल विभागाच्या, रस्त्याची कड बांधकाम विभागाच्या व वनक्षेत्र वनविभागाच्या ताब्यात, अशा विभागणीत बाभळीला सीमा नसते, मात्र कारवाईला असते. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावपातळीवरील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीत आक्रमक वनस्पतींची स्वतंत्र नोंद ठेवल्यास या विभागांना एकत्र आणणारा आधार निर्माण होईल.

महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व वृक्षारोपण यांचे नाते जुने आहे. येथे दोन बाबींचा पुनर्विचार आवश्यक वाटतो. पहिली, लागवडीची जागा. माळरानावर खड्डे खणून दाट वृक्ष लावणे म्हणजे सुस्थितीतील गवताळ परिसंस्था मोडणे होय. गावठाण, शाळेचे आवार, बांध व मूळचीच झाडी असलेल्या जागा लागवडीसाठी निवडाव्यात. दुसरी, शिबिराच्या यशाचे माप. 'किती रोपे लावली' या आकड्याच्या जोडीला 'किती आक्रमक रोपे काढली व पुढील वर्षी त्या जागी काय उगवले' हा आकडाही अहवालात यावा.

वनस्पतिशास्त्र विभागास एक चौरस मीटर चौकटीतील रोपांची दरवर्षी गणना करता येईल. भूगोल विभागास उपग्रह प्रतिमांवरून गायरानातील बदलाचे नकाशे करता येतील. अर्थशास्त्र विभागास सरपण, कोळसा व चारा यांचा घरनिहाय हिशोब मांडता येईल. मराठी विभागास गवतांची, कुरणांची व धनगरी वाटांची विस्मरणात चाललेली नावे संकलित करता येतील. अनेक गवतांची नावे केवळ वृद्ध पशुपालकांच्या स्मरणात उरली आहेत. गवत गेले की नाव जाते आणि नाव गेले की परत आणायचे काय हेही सांगता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ जमिनी व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले आहे. अशा अभ्यासास यानिमित्त औचित्यही लाभले आहे.

समारोप

वेडी बाभूळ आपल्या प्रदेशातून पूर्णतः नाहीशी होईल, अशी अपेक्षा वास्तवाला धरून होणार नाही. मात्र तिने व्यापलेल्या व अद्याप न व्यापलेल्या जमिनीतील सीमा कोठे राखायची, हे ठरविणे आपल्या हाती आहे. ती सीमा दर पावसाळ्यात, शेणाच्या पोवातून वर येणाऱ्या वीतभर रोपांच्या रूपाने नव्याने आखली जाते. त्या वेळी एका व्यक्तीच्या दोन हातांनी होणारे काम दहा वर्षांनी यंत्रालाही पुरे पडत नाही. शेतकरी आपल्या शेतात हे काम कोळपणी-खुरपणीच्या ओघात करीतच असतो, कारण त्या जमिनीला तो आपली मानतो. गायरान व माळरान यांच्या वाट्याला तीच निगा यावयाची असेल, तर प्रथम 'पडीक' हा शब्द आपल्या नोंदींतून, अध्यापनातून आणि विचारातून मागे घ्यावा लागेल. जमिनीला कुरण म्हणून ओळख मिळाली, की तेथे उगवलेले काटेरी रोप कोणी उपटायचे या प्रश्नाचे उत्तर शोधणे सुकर होईल.